खालून वर वाचायचं वेबपान

मागच्या महिन्यात जेवताना आमच्या लेकीनं विचारलं, "बाबा, वेबच्या तीन पिढ्या कुठल्या? उद्या पेपर आहे."

मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आहे. म्हणजे 'सर्व्हर डाउन आहे, जरा थांबा' हे वाक्य गेली वीस वर्षं वेगवेगळ्या नम्रतेनं म्हणतो आहे. तेव्हा हा प्रश्न माझ्या हक्काचा होता. मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो, "पहिल्या पिढीत माणूस नुसता वाचायचा. दुसऱ्या पिढीत लिहायला लागला. तिसऱ्या पिढीत, आपण जे लिहिलं त्याचा मालक झाला."

"एवढं पुस्तकात आहे," लेक म्हणाली. "याचा खरा अर्थ काय?"

आमटी वाढता वाढता बायको म्हणाली, "खरा अर्थ त्यांना कसा माहीत असणार? तो त्यांच्या मास्तरांना माहीत."

हे मात्र शंभर टक्के खरं.

मास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं एकेकाळी पहाटेपासून मागांचा खडखडाट चालायचा आणि शेजारच्या घरातलं भांडण ऐकायला भिंतीला कान लावावा लागायचा, तिथं त्यांनी पस्तीस वर्षं जेकार्डची कार्डं पाडली. चादरीवर किंवा टॉवेलवर मोर हवा असेल, तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढायचा आणि मग एकेका ओळीचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड करायचं. जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. हो, नाही, नाही, हो, असं हजारो वेळा झालं की मोर उमटतो. त्यामुळे त्यांच्या मुलानं पहिल्यांदा घरी कंप्युटर आणला आणि 'आप्पा, याला फक्त हो आणि नाही कळतं' असं सांगितलं, तेव्हा मास्तर अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, "मग मी इतकी वर्षं काय करायलो होतो रे? माझ्या कंप्युटरला फक्त पडदा नव्हता."

मोर काढणारे हात मग वेबपानं काढायला लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय आहे. त्याच्या माडीवरची खोली मास्तरांनी मागून घेतली आणि तिथं फुकट वर्ग सुरू केला. तेव्हा मी नुकता पदवीधर झालो होतो आणि नोकरी मिळेपर्यंत बापाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायची पाळी येऊ नये, एवढ्याच ध्येयानं माडी चढलो होतो.

मास्तरांच्या दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल असायची, डावीकडे काळी, उजवीकडे लाल. वर्गात पहिले दोन महिने कंप्युटरला हात लावायचा नाही. चौकटीचा कागद घ्यायचा आणि वेबपान त्यावर पेन्सिलीनं काढायचं. चुकलं की लाल पेन्सिल खाली यायची. मी दुसऱ्याच दिवशी कंप्युटरला हात लावला, तेव्हापासून माझं नाव 'घाईबाबू' पडलं. माझं खरं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची आजही खात्री नाही. लग्नपत्रिका दिली तेव्हा त्यांनी बायकोचं नाव मोठ्यानं वाचलं आणि माझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?"

उन्हाळ्यात खोलीत एकच टेबलफॅन. तो कंप्युटरकडे तोंड करून. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल, आम्ही बाराजण घामानं निथळत बसायचो आणि एक लोखंडी डबा गार वारा खात असायचा. कुणी कुरकुर केली की मास्तर म्हणायचे, "तू मेलास तर तुझे लोक तुला आठवतील. हा मेला तर सगळ्यांच्या आठवणी जातील. अंते!"

'अंते' म्हणजे आमच्या भागातल्या विणकरांच्या घरच्या तेलुगूत 'बस, एवढंच'. मास्तरांनी एकदा अंते म्हटलं की साक्षात कलेक्टरनंही पुढं बोलू नये.

त्या डब्यातच मास्तरांचं वेबपान राहायचं; डबा चालू असेल तरच ते जगाला दिसायचं. राहायचं हा शब्द त्यांचाच. भागातल्या जुन्या विणकरांच्या नक्षी, एकेका नक्षीला एकेक पान. खाली कारागिराचं नाव आणि गल्ली, त्यावर चौकटीच्या कागदावरचं चित्र, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर त्या माणसानं सांगितलेली एखादी गोष्ट. होय, खाली नाव आणि वर गोष्ट. कारण मास्तरांचं अख्खं वेबपान खालून वर वाचायचं होतं.

हा घोटाळा दुसऱ्या कुठल्या माणसाकडून झाला नसता. नक्षीच्या कागदावर पहिली ओळ सगळ्यात खालची असते, कारण वीण खालून वर चढते. पस्तीस वर्षं तसंच वाचलेल्या माणसानं पहिलं वेबपानही तसंच बांधलं. जुनं तळाला, नवं त्याच्या डोक्यावर. पुण्याहून एक प्राध्यापक पाहुणे आले होते, ते पोट धरून हसले. "अहो, तुमचं पान शेवटापासून सुरू होतंय!" मास्तर शांतपणे म्हणाले, "तुम्ही इमारत गच्चीपासून बांधता काय?"

आम्ही पोरंही मागं हसायचोच. पण पुढं काही वर्षांनी सगळ्या जगाच्या फोनवर नवं ते वर आणि जुनं ते तळाला असं दिसायला लागलं. त्या दिवशी मास्तरांनी मला मुद्दाम बँकेत फोन केला. काउंटरवर ही गर्दी. "घाईबाबू, बघितलास काय? आले की सगळे माझ्या वळणावर!" आणि फोन ठेवून दिला.

मुख्य पानावर ते रोज एक ओळ चढवायचे. 'आज लाईट नव्हती.' 'आज एक पोरगी लई चांगलं शिकली.' 'आज कोणी आलं न्हाय.' एवढंच. बारीकसारीक चुका पुसायच्या नाहीत, हा दुसरा नियम. विणलेलं उसवायचं नाही. चूक झाली तर वर तारीख टाकून दुरुस्ती लिहायची. माझं पहिलं वेबपान 'माझे कुटुंब' या विषयावर होतं. त्यात मी लिहिलं होतं : 'माझ्या वडिलांचे सायकलचे दुकान सोलापुरातील सर्वांत मोठे आहे.' मास्तर स्वतः जाऊन दुकान बघून आले. आल्यावर माझ्याकडून वर लिहून घेतलं : 'दुरुस्ती : दुकान सर्वांत मोठे नाही. गल्लीतले एकमेव आहे.' सहा महिन्यांनी समोर दुसरं दुकान निघालं. पुन्हा बोलावणं आलं. 'दुरुस्ती : एकमेवही नाही.' हे सगळं आजही जगाला वाचायला खुलं आहे. माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी वाचलं होतं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

नोकरी लागली, फोन आला, आणि मला वाटायला लागलं की मास्तर मागं पडले. दुसरी पिढी आली होती. सगळे लिहीत होते, फोटो टाकत होते. मी एका फुकटच्या साइटवर भागातल्या लोकांचा ग्रुप काढला आणि दवंडी पिटल्यासारखं घराघरांत जाऊन सांगितलं, की जुन्या नक्षींचे फोटो इथं टाका, मास्तरांच्या पेन्सिलीची वाट बघू नका. लोकांनी टाकले. शेकड्यानं टाकले. मी ग्रुपचा ॲडमिन. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी कशाचा तरी प्रमुख केलं होतं.

मास्तरांकडचा वर्ग ओस पडला. ते एवढंच म्हणाले, "तिथं ठेवायलास, ती जागा कुणाची रे?"

"सगळ्यांची," मी म्हणालो.

"सगळ्यांची म्हणजे कुणाची?"

मी हसून विषय टाळला. पुढं तीनेक वर्षांनी मी फोन नंबर बदलला, जुन्या नंबराशिवाय त्या साइटनं मला आत घेतलं नाही, पासवर्ड आठवेना, ग्रुपमध्ये कुणीतरी चष्म्यांच्या जाहिराती ओतल्या आणि एके सकाळी साइटनं तो ग्रुपच बंद करून टाकला. शेकडो फोटो गेले. कुणाकडे दाद मागायची तेच कळेना. मी सोळा अर्ज केले. मला सोळा वेळा एकच उत्तर आलं, ते मी स्वतः बँकेत देतो तसलंच होतं.

त्या दिवशीची मास्तरांची ओळ मी भीत भीत उघडली. 'आज घाईबाबूला ताप हाय.' ताप खरंच होता.

मग गेल्या वर्षी तिसरी पिढी आली, ती वाचनालयाच्या अध्यक्षांच्या पुतण्याच्या रूपानं. पोरगा हुशार, पुण्यात नोकरी करून परतलेला, आणि मनानं चांगला. त्याला माडीवर वेब थ्रीची अकादमी काढायची होती. कारागिराच्या नक्षीवर त्याची मालकी अशी नोंदवायची की जगातल्या हजारो कंप्युटरांवर ती नोंद राहील आणि कुणालाही खोडता येणार नाही, हे त्याचं स्वप्न. स्वप्नात वाईट काहीच नव्हतं. फक्त त्याला खोली हवी होती, आणि खोलीत मास्तर होते.

त्याने समजूत घातली, "आप्पा, तुमचं सगळं क्लाउडवर चढवून देतो की."

"दुसऱ्याच्या माडीवर माझा माग कशाला?"

मास्तर मुलाकडे दीड खोलीत राहतात. तिथं डबा ठेवायला जागा नाही, आणि कंप्युटरसाठी नातवंडांचा पंखा काढून घेणं त्यांनाही जमलं नसतं. खोली गेली तर वेबपान गेलं, हा हिशेब सरळ होता. कमिटीनं ठरवलं, रविवारी सकाळी सभा घ्यायची, दोघांनी बोलायचं, वेबच्या पिढ्या म्हणजे काय ते लोकांना सांगायचं, आणि कुठली पिढी माडीवर ठेवायची ते लोकांनी हात वर करून ठरवायचं. शनिवारी संध्याकाळी डबा बंद करून किल्ली अध्यक्षांकडे द्यायची. शनिवारी मास्तरांच्या पानावर ओळ होती : 'उद्या खोलीचा निकाल.'

मला मास्तरांनी बोलावून घेतलं. "माझ्या बाजूनं तू बोल. मी लई बोललो की तेलुगूत शिरतो."

मी हुरळून गेलो. एकवीस स्लाइड केल्या. पहिल्या स्लाइडवर माझाच फोटो होता.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. पुढच्या रांगांत सगळी जुनी विणकर मंडळी, डोक्याला टॉवेल, हातात काठ्या. मी उठलो आणि 'विकेंद्रीकरण' हा शब्द पहिल्याच मिनिटात चार वेळा उच्चारला. पाचव्या वेळेला नरसाक्का मोठ्यानं म्हणाल्या, "ह्याला पाणी द्या कुणीतरी." नरसाक्का म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्यात वयस्कर विणकरीण. त्यांच्या मालकांचा, म्हणजे वारलेल्या नवऱ्याचा, मोर एकेकाळी दिल्लीच्या प्रदर्शनात झळकला होता. हॉल हसला. मी सातव्या स्लाइडवर बसलो.

मग पुतण्या उठला. चांगला बोलला. पहिली पिढी वाचायची, दुसरी लिहायची, तिसरी मालकीची. "पहिल्या दोन पिढ्यांचं काम संपलं," तो म्हणाला. "आता नरसाक्कांचंच बघा. त्यांच्या मालकांच्या मोराची नोंद मी दिवाळीतच केली. आता हा मोर कायमचा त्यांचा!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीनं.

"दाव की रे मग," नरसाक्का म्हणाल्या. "आमच्या मालकांचा मोर दाव. डोळ्यांनी बघून लई वर्षं झाली."

त्याने पडद्यावर नोंद उघडली. लांबलचक आकडा आला. मालक म्हणून नरसाक्कांचं नाव आलं, तारीख आली. त्याखाली एक करडा चौकोन आला आणि तसाच राहिला.

"मोर कुटं हाय?"

पुतण्या घामाघूम होऊन टिचक्या मारत होता. "अक्का, नोंद पक्की आहे. फक्त चित्र… चित्राचा पत्ता लोकांच्या जुन्या मेसेजमधून उचलला, उघडून बघितला नाही. तो बंद पडलेल्या ग्रुपचा निघाला."

"कुठला ग्रुप?" अध्यक्षांनी विचारलं.

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. मी खुर्चीत जितका खाली सरकता येईल तितका सरकलो.

तेव्हा मास्तर उठले. दोन्ही कानांवर पेन्सिली. माइककडे गेलेच नाहीत. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी नोंद खोटी न्हाय रे. मालकी हाय, पण मोर न्हाय. ह्या घाईबाबूकडं मोर होता, पण जागा परक्याची." मग लोकांकडे वळले. "पोरगा म्हणतो, पहिल्या दोन पिढ्यांचं काम संपलं. तुमच्या घरात नातू झाला म्हणून आजोबाला बाहेर काढता काय? पिढ्या काय गाडीच्या डब्यासारख्या पुढं पुढं जातात? एका घरात राहतात की तिघं. आजोबा सांभाळतो, बाप बोलतो, नातू हक्क सांगतो. ह्यातला एक जरी गेला तर घर कसलं? अध्यक्ष, किल्ली द्या पाच मिनिटं."

किल्ली मिळाली. मी माडीवर धावलो, डबा चालू केला, पंखा त्याच्याकडे वळवला. तेवढं मला येतं.

खाली आलो तेव्हा मास्तरांनी पुतण्याचाच फोन मागून घेतला होता. हॉलमध्ये रेंज नावालाच होती. पण नुसती अक्षरं आणि चौकटींचं एक चित्र, एवढ्या पानाला लागतं किती? क्षणात उघडलं. तो फोन त्यांनी नरसाक्कांच्या हातात दिला.

शेजारी बसलेला पुतण्या मदतीला वाकला. "अक्का, असं वरून वाचा, वरून."

नरसाक्कांनी त्याचा हात बाजूला केला. त्यांचा अंगठा फोनवर भराभर चालला आणि थेट तळाला जाऊन थांबला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. तिथून त्या ओठ हलवत एकेक ओळ वर चढायला लागल्या. मालकांचं नाव. गल्ली. मग मोराचे पाय, पोट, मान, तुरा.

"अक्का, उलटं वाचायलाय तुम्ही," पुतण्या हळूच म्हणाला.

"वरून कोण विणतं रे?" नरसाक्का म्हणाल्या. मान वर न काढता.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी गलका केला. "आमचा बी काढ! आमची कमळं काढ!" फोन हातोहात फिरायला लागले, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या रांगेतला एकेक अंगठा आधी तळाला जायचा आणि मग वर चढायचा. वीस वर्षं आम्ही ज्याला मास्तरांची चूक म्हणत आलो, ती ज्यांच्यासाठी होती त्यांना कधी चूक वाटलीच नव्हती. त्यांना ती त्यांच्या बोटांच्या वळणाची वाटत होती. पुण्याचे ते प्राध्यापक हवे होते तिथं.

नरसाक्का सगळ्यात वरच्या ओळीशी पोहोचल्या. तिथं मालकांनी सांगितलेली गोष्ट होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली : "मोराचा तुरा बायकोनं सुचवला. मी डोक्यावर काहीच दिलं नव्हतं." मग त्या फोनकडे बघून म्हणाल्या, "मला कधी तोंडावर बोलला न्हाय हो हे. लबाड!" आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मागच्या रांगेतली माणसं उभी राहून बघायला लागली.

खोली मास्तरांकडेच राहावी असं वाटणाऱ्यांना अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं, तेव्हा मोजायची गरज पडली नाही. काठ्यासुद्धा वर होत्या. सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हात वर करून, अध्यक्षांचा पुतण्या.

"एका माणसाचा एकच हात," अध्यक्ष ओरडले.

"एक मत माझं, एक मोराचं," तो म्हणाला, आणि मास्तरांजवळ जाऊन उभा राहिला. "आप्पा, माझ्या नोंदींना तुमच्या पानाचा पत्ता दिला तर चालेल?"

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आधी दोन महिने कागदावर काढावं लागतंय."

"चालेल."

"आणि पंखा मिळणार न्हाय."

"चालेल की, आप्पा."

"सरे, ठीक हाय मग. अंते!"

आता माडीवर तिन्ही पिढ्या राहतात. मास्तर सांभाळतात, पुतण्या हक्क नोंदवतो, आणि मधल्या पिढीचा म्हणून मला रविवारी जावं लागतं. माझं काम, लोकांना फोन करून बोलावणं आणि त्यांच्या गोष्टी टिपून घेणं. लाल पेन्सिल अजून माझ्यावरच जास्त चालते.

लेकीनं पेपरात मास्तरांचं उत्तर लिहिलं. आजोबा, बाप, नातू. दहापैकी चार मिळाले. ती रागानं माडीवर गेली तर मास्तर खूश झाले. म्हणाले, प्राध्यापक पहिल्यांदा हसतातच. मग त्यांनी तिला माझं 'माझे कुटुंब' हे पान दाखवलं. घरी आल्यापासून ती आणि तिची आई 'एकमेवही नाही' एवढंच म्हणून हसताहेत. आता त्या पानावर नवी ओळ चढलीय, लेकीच्या हातची : 'दुरुस्ती : दुकान बंद झाले. कुटुंब चालू आहे.'

सभेच्या त्या दुपारी मात्र मी एकटाच मास्तरांबरोबर माडी चढलो होतो. त्यांनी कुलूप काढलं, किल्ली कनवटीला लावली, डब्यासमोर बसले. शनिवारची ओळ तिथं होतीच : 'उद्या खोलीचा निकाल.' त्यांनी काळी पेन्सिल कानावरून काढली, चौकटीच्या कागदावर आधी लिहून बघितलं आणि मग एका बोटानं एकेक अक्षर दाबत त्या ओळीच्या डोक्यावर नवी ओळ चढवली.

'खोली हाय. या.'